माणोजीरावांचा दोन खिशांचा कोट

परवा दुपारी क्लबातली पोरं जेवायला बसली होती आणि टीव्हीवर फुटबॉलच्या बातम्या लागल्या होत्या. बाहेरदेशातले मोठे क्लब खेळाडू आणून देणाऱ्या एजंटांना किती पैसे देतात ते सांगत होते. पडद्यावर आकडा आला. त्यातली शून्यं बघता बघता माझी आमटी उतू गेली.

पोरं हसायला लागली. "खेळतं कोण आणि खातं कोण!" एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "एजंट म्हणजे दलालच रे. इकडूनही खातो, तिकडूनही खातो."

सगळे हसले. आमचा गोलकीपर सेल्वा तेवढा हसला नाही. त्यानं मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. मी तिथंच उभी होते, हातात पळी घेऊन. आम्हा दोघांनाही एकच माणूस आठवला होता.

त्या वेळी मी पोरांना काही सांगायला हवं होतं. पण सतरा जणांपुढं बोलायचं म्हटलं की मी परत चुलीकडं वळते. बारा वर्षं इथं स्वयंपाक करते, तरी अजून दाराच्या आडूनच बोलते. म्हणून किराणा लिहायची वही उलटी करून मागच्या पानापासून लिहायला घेतलंय. माझं शिकणं चौथीपर्यंतचं. वही माझी आहे, दुसरं कुणी वाचणार नाही.

आमचा क्लब म्हणजे बेंगळूरच्या बनशंकरीतला एक भाड्याचा बंगला. पुढं जेवणाचा हॉल, वर पोरांच्या खोल्या, मागं स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागं धुण्याच्या दगडाजवळ एक केळ. मैदान लांब आहे, तिकडं मी दोनदाच गेले. फुटबॉल मला भांड्यांवरून कळतो. जिंकून आले की भात कमी पडतो, हरून आले की चपात्या उरतात.

या बंगल्यात माणोजीराव यायचे. वय सत्तरीला टेकलेलं, अंग वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखं, डोक्याला काळी टोपी. उन्हाळा असो, पाऊस असो, अंगात राखाडी कोट. त्या कोटाला बाहेरून दोन खिसे मुद्दाम शिवून घेतलेले, एकेक खिसा पावशेराच्या पिशवीएवढा. उजवा क्लबाचा आणि डावा खेळाडूचा. खेळाडू क्लबात लागला की क्लबाकडून मिळालेलं पाकीट उजव्या खिशात जायचं, खेळाडूनं दिलेलं डाव्या. दोन्ही पाकिटांत रक्कम सारखीच. मग ते उभे राहून दोन्ही खिसे बाहेरून थोपटायचे आणि म्हणायचे, "सरी, बरोबर. कोट एका बाजूला लोंबला की माणूस वाकडा चालतो."

त्यांची माणसं तीनशे-चारशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून बेंगळूरला आलेली. "घोडे गेले, राव राहिले," असं तेच सांगायचे. घरात मराठी, पण त्यात कानडी इतकं मुरलेलं की पुण्या-मुंबईचं माणूस असतं तर ऐकून बुचकळ्यात पडलं असतं. मी निपाणीकडची, मला दोन्ही कळायचं. मला ते अक्का म्हणायचे. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, तरी अक्का.

फुटबॉल ते कधी खेळले नव्हते. ऑफसाइड म्हणजे काय ते त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. त्यांच्या घराण्याचा धंदा लग्नं जुळवण्याचा. आजोबांनी इथून पार तंजावरपर्यंतच्या सोयरिकी जुळवल्या म्हणे. माणोजीरावांच्या काळात मुलं-मुली फोनवरच एकमेकांना शोधू लागली आणि धंदा बसला. तो पुन्हा उठला तो एका न जमलेल्या लग्नामुळं.

ते सांगायचे ती हकीकत अशी. येलहंकाकडच्या एका घरी ते मुलाला घेऊन गेले होते. मुलीची आई मुलाकडं बघत राहिली. मुलगा पायावर पाय टाकून बसला, तशी त्याची विजार वर सरकली आणि नडगीवरचे व्रण दिसले. "हे कशाचं?" आईनं विचारलं. "मारामाऱ्या करतो काय हा?" मुलगा लाजून म्हणाला, "नाही, फुटबॉल खेळतो. हाफबॅक आहे." झालं. आई उठून आत गेली. पण मुलीचा बाप पुढं सरकून बसला. तो एका क्लबाच्या कमिटीवर होता आणि त्यांचा हाफबॅक कालच दुबईला गेला होता.

"जावई म्हणून नापसंत, हाफबॅक म्हणून पसंत!" माणोजीराव मांडीवर थाप मारून सांगायचे. "मी म्हटलं, कशानं का जुळंना, सोयरीक जुळली ती जुळली. दोन्हीकडून ठरलेलं घेतलं आणि आलो. बसमध्ये बसल्यावर डोक्यात आलं, अरेच्चा, ह्या शहरात नवरदेव कमी आणि फुटबॉलवाले जास्ती हायेत."

तेव्हापासून ते खेळाडूंची स्थळं फिरवू लागले. त्यांच्याकडं जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. एकेका पत्रिकेच्या कोऱ्या बाजूला एकेका खेळाडूची माहिती, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात. मी एकदा वाचली होती, ती पाठ झाली आहे. "रंग सावळा. उंची पाच-अकरा. डावा पाय उत्तम, उजवा कामापुरता. स्वभाव शांत, पेनल्टीच्या वेळी थोडा तापट. पूर्वी एका क्लबाशी संबंध, समजुतीनं मोकळा. अपेक्षा: मधल्या फळीत अनुरूप जागा." उलट्या बाजूला गणपती आणि कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त.

आमचे सेक्रेटरी मूर्तीसर कपाळाला हात लावायचे. "अण्णा, लोक आता व्हिडिओ पाठवतात."

"व्हिडिओत सगळे गोलच मारतात, मूर्ती. मी पत्रिकेत तापट लिवलंय. तुमच्या व्हिडिओत दिसतंय काय?"

पहिल्यांदा ते स्वयंपाकघरात आले तो दिवस मला लख्ख आठवतो. बेळगावचा एक बॅक आमच्याकडं लावायचा होता. पुढं मूर्तीसर पगाराचं बोलत होते आणि हे मध्येच उठून सरळ मागं आले. दाराशी थांबले आणि चपला काढल्या. माझ्या स्वयंपाकघरात चप्पल काढून आलेलं ते पहिलं माणूस. मूर्तीसर तर बूट घालून फ्रिजपर्यंत येतात.

"तुम्हीच काय अक्का, स्वयंपाकाला?"

मी मान हलवली.

"ऊर कुठलं?"

"निपाणीकडचं."

"मग हात तिखट असणार. बरं झालं. सप्पक खाऊन पोराचे गुडघे ढिले पडायचे." असं म्हणत त्यांनी एकेक झाकण उचलायला सुरुवात केली. सांबारात पळी फिरवली. "ह्यात डाळ हाय की डाळीची आठवण?"

मला हसू आलं, मी पदर तोंडाला लावला.

"अंडी किती देता?"

"दोन," मी म्हणाले.

"रोज?"

"रोज."

"कागदावर हाय?"

अंडी कागदावर असतात हे मला माहीत नव्हतं. ते तसेच हॉलमध्ये गेले आणि मला इथपर्यंत ऐकू आलं, "मूर्ती, अंडी कागदावर घाला."

"अण्णा, काँट्रॅक्टमध्ये अंडी कशी लिहायची?"

"पगार लिवता तशीच. मुलगी देताना नुसता पगार बघून देत नाहीत, चूल बघून देतात. चूल मी बघून आलोय. आता लिवा. रोज दोन, उकडलेली."

क्लबाच्या वकिलांनी हसत हसत लिहिलं. बेळगावच्या बॅकच्या करारात, बूट कुणी द्यायचे आणि दुखापतीचा खर्च कुणी करायचा यांच्या मधोमध, रोज दोन उकडलेली अंडी बसली.

सही झाल्यावर माणोजीरावांनी आपली एक मागणी पुढं केली. त्यांच्यात सोयरीक जुळली की जेवणावळीत पहिलं पान मध्यस्थाचं मांडतात. व्याह्यांच्या आधी. तो घास घेतो, मग दोन्ही घरं जेवतात. हे क्लबातही झालं पाहिजे असा त्यांचा हट्ट. मूर्तीसरांना भूक लागलेली होती, त्यांनी हो म्हटलं. मी मागच्या केळीचं पान कापलं, पण खिडकीतूनच पुढं दिलं. ते मांडलं कुणीतरी दुसऱ्यानं.

त्यांचा आणखी एक नियम होता. लावून दिलेला खेळाडू वर्षाच्या आत सुटला तर दोन्ही खिशांतलं अर्धं अर्धं परत. एकदा खरंच तसं झालं, मणिपूरच्या एका पोराला इथलं हवापाणी मानवलं नाही. माणोजीराव येलहंकाच्या आपल्या घरून दोन बस बदलून आले, मूर्तीसरांच्या टेबलावर पाकीट ठेवलं आणि चहासुद्धा न घेता गेले. "मुलगी माहेरी आल्यावर मध्यस्थानं चहा पिऊ नये," म्हणाले.

मग क्लबात एका कंपनीचा पैसा आला. नव्या रंगाचे शर्ट आले, भिंतीवर मोठा टीव्ही आला आणि त्याच्याबरोबर नवा एजंट आला. तरुण, गोरापान, हातात लॅपटॉप आणि पाण्याची स्वतःची बाटली. आमचं पाणी तो पीत नसे. त्यानं एक स्ट्रायकर आणला. त्याची फी किती हे मूर्तीसर कुणाला सांगत नव्हते, पण ती ऐकल्यापासून ते जिन्याचा कठडा धरून उतरायला लागले. एवढं मला कळलं की त्या फीमध्ये आमची वर्षभराची अंडी बसली असती, कोंबड्यांसकट.

पुढच्या सोमवारपासून अंडी दोनाची एक झाली. सगळ्यांची. फक्त बेळगावच्या बॅकला दोन, कारण त्याची कागदावर होती. सोळा जण त्याच्या ताटाकडं असे बघायचे की त्या बिचाऱ्याच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी तो दुसरं अंडं पाळीपाळीनं एकेकाला द्यायला लागला. कुठल्या दिवशी कुणाची पाळी ते पोरांनी माझ्या फ्रिजवर खडूनं लिहून ठेवलं होतं.

स्ट्रायकर चार महिन्यांत गेला. त्याच एजंटनं त्याला दुसरीकडं लावला.

"बघा अक्का," माणोजीराव माझ्या दाराशी स्टुलावर बसून शेंगा सोलत म्हणाले. रिकाम्या हातानं ते कधी बसत नसत. "मी मुलगी नांदावी म्हणून घर बघतो. तो दर हंगामाला मुलगी माहेरी आणतो. नवं लग्न, नवी फी. मुलगी नांदली तर त्याचं नुकसान."

"मग क्लबवाले त्याला का देतात?" मी विचारलं. त्यांच्याशी मी आता बोलायला लागले होते.

"त्याच्याजवळ लॅपटॉप हाय. माझ्याजवळ गणपतीची पत्रिका. कुणाला द्यायला बरं वाटेल, सांगा बघू?"

मग आला सेल्वा. आनेकलच्या एका कारखान्यात तो कामाला होता आणि कारखान्याच्या संघात गोलकीपर होता. कारखान्यानं आधी संघ बंद केला, मग तो काम करायचा ते खातं. वय तेहतीस. दोन मुली, मोठी दुसरीत. एका अपार्टमेंटच्या गेटावर वॉचमनची नोकरी ठरली होती, गणवेशसुद्धा शिवून झाला होता. आमच्या गोलकीपरचा खांदा निखळला होता आणि माणोजीरावांनी पत्रिका पुढं केली. "वय थोडं पुढं. हात अजून लग्नाच्या वयाचे."

कमिटी ऐकेना. तेहतीस म्हणजे म्हातारा, म्हणाले. मैदानावर बघायलासुद्धा तयार नव्हते. माणोजीराव म्हणाले, "मैदान राहू द्या. चहा तर प्याल?"

ते मागं आले, चपला काढल्या आणि हळू आवाजात म्हणाले, "अक्का, आठ कप. स्टीलचा मोठा ट्रे. आणि काठोकाठ भरा. म्हणजे अगदी काठोकाठ."

"सांडेल की राव."

"सांडलं तर तो वॉचमन, नाही सांडलं तर गोलकीपर."

मी भरले. इतके भरले की चहा कपाच्या काठावर फुगून उभा राहिला. सेल्वानं ट्रे उचलला. तो माझ्याकडं बघून हसलासुद्धा, पण त्याच्या ओठाच्या वर घाम आला होता. स्वयंपाकघराचा उंबरा, हॉलमधली फाटकी चटई, कमिटीतल्या एकाचे पुढं पसरलेले पाय, हे सगळं ओलांडून तो गेला. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात मुलीनं जावं तसा, नजर खाली. मी खिडकीतून बघत होते. तेवढ्यात माणोजीरावांनी खिशातलं लिंबू काढलं आणि "सेल्वा!" म्हणून त्याच्याकडं फेकलं.

सेल्वानं ट्रे डाव्या हातावर घेतला आणि उजव्या हातानं लिंबू झेललं. ट्रे हलला नाही.

मूर्तीसरांनी बोट बशीत फिरवून बघितलं. कोरडी. कमिटीतले पाय पसरलेले गृहस्थ पाय आवरून बसले आणि म्हणाले, "दोन वर्षांचा करार करायला हरकत नाही."

लिंबू माझ्याच टोपलीतलं होतं. कधी उचललं ते मला कळलं नाही.

सहीचा दिवस ठरला. संघात नाव नोंदवायची शेवटची तारीख तीच होती आणि संध्याकाळी पाचला नोंदणी बंद व्हायची. सकाळी सेल्वा बायकोला सांगून आला होता की वॉचमनचा गणवेश परत द्यायचा. दुपारी बाराला कंपनीच्या मॅडम फाइल घेऊन आल्या. कागदपत्रं बघायला कंपनीनं त्यांना नव्यानं नेमलं होतं. वाईट नव्हत्या. मला नमस्कार करायच्या, आणि आमचं पाणीसुद्धा प्यायच्या.

माणोजीराव कोट झटकून टेबलाशी बसले आणि नेहमीप्रमाणं दोन्ही पाकिटं घेऊन दोन पावत्या पुढं ठेवल्या. एक क्लबाच्या नावाची, एक सेल्वाच्या नावाची. रक्कम सारखी. पावती दिल्याशिवाय ते कुणाचा रुपया खिशात घालत नसत. त्या दिवशी त्याच पावत्या आडव्या आल्या.

मॅडमनी दोन्ही पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या. "आपने दोनों तरफ़ से लिया?"

"मग?" माणोजीराव मराठीतच म्हणाले. "एकीकडूनच घेतलं तर मी त्याचा माणूस झालो. मध्ये कोण राहिलं?"

मूर्तीसरांनी ते हिंदीत सांगितलं. मॅडमनी डोळे मिटून उघडले आणि समजावून सांगितलं. कंपनीचा नियम होता. एजंटनं एकाच बाजूचं असायचं, फी एकाच बाजूनं घ्यायची, आणि परीक्षा देऊन परवाना काढलेला पाहिजे. या पावत्या फाइलला लागल्या तर वरचे साहेब सही करणार नाहीत. आणि पाच वाजता नोंदणी बंद.

"परीक्षा?" माणोजीराव म्हणाले. "कसली विचारतात?"

"हेच. दोन्ही बाजूंचं काम करता येतं का, वगैरे," मूर्तीसरांनी सांगितलं.

"करायलाच पाहिजे म्हणून लिवणार मी."

"मग नापास होणार तुम्ही," मूर्तीसर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, घड्याळाकडं बघत होते ते. "अण्णा, जरा कळायला पाहिजे होतं! तुम्ही दोन्हीकडून खाल्लं, आणि आता नुकसान त्या सेल्वाचं!"

मी चपाती लाटत होते. लाटणं थांबलं.

"खाल्लं?" माणोजीराव म्हणाले. एकदाच. त्यांनी मान खाली घालून आधी उजव्या खिशाकडं बघितलं, मग डाव्या. चाळीस वर्षं लोकांना मुली दिलेल्या, मुलं दिलेली. हा शब्द त्यांना कुणी म्हटला नव्हता. पाण्याच्या बाटलीवाल्यालाही आमच्याकडं कुणी म्हटला नव्हता. त्याची फी इंग्रजीत टाइप केलेली होती.

सेल्वा दाराबाहेर पायरीवर बसला होता. तो आत आला. "अण्णा, राहू दे," तो म्हणाला. त्याचं कानडी तमिळच्या चालीवर असतं. "वॉचमनची नोकरी आहे की. गेट काय, गोल काय. उभंच राहायचं."

हे त्यानं हसत सांगितलं.

माणोजीरावांनी दोन्ही खिशांत हात घातले. उजवं पाकीट मॅडमच्या फाइलवर ठेवलं, डावं सेल्वाच्या हातात दिलं. पावत्या उचलून स्वतःच फाडल्या, चार-चार तुकडे केले. "रावांचं नाव कुठंच नको," ते म्हणाले. "मुलगा आपला आपण आला. आता चालेल?"

मॅडम हळूच म्हणाल्या, "चलेगा."

कागद पुढं गेला, सेल्वानं सही केली, मॅडमनी तो फोनवरून पाठवला आणि वरून निरोप आला की झालं. दोन वाजले होते. सगळे जेवायच्या गडबडीला लागले. माणोजीराव उठून मागं आले. चपला काढल्या, स्टुलावर बसले, आणि शेंगांची टोपली समोर असून त्यांनी हात लावला नाही.

"काय झालं राव?" मी म्हणाले. "जुळलं की."

"जुळलं, पण मोकळं जुळलं, अक्का." त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "मध्यस्थानं दोन्हीकडचं काही घेतलं नाही तर सोयरीक टिकत नाही. आजोबांनी एकदा घेतलं नव्हतं. गरीब होते दोघे, म्हणून. सहा महिन्यांत मोडलं. ह्याच्या दोन मुली हायेत." मग रिकामे खिसे चाचपून म्हणाले, "आणि घेतलं तर आजच मोडतंय. आता काय करू, सांगा."

त्यांना खरंच भीती वाटत होती. हे खोटं, ही अंधश्रद्धा, असं शिकलेल्या माणसानं सांगितलं असतं. मी शिकलेली नाही. मी विचार केला आणि म्हटलं, "राव, मॅडमनी पैसे घ्यायचे नाहीत म्हणून सांगितलं. जेवायचं नाही असं कुठं म्हणाल्या?"

मागं जाऊन पान कापलं. धुतलं. खिडकीतून पुढं द्यायला गेले, तर घ्यायला कुणी नव्हतं, सगळे ताटं घेऊन बसले होते. मग मी ते हातात धरून दारातून बाहेर आले. सतरा पोरं, कमिटी, मॅडम, सगळे बघत होते. टेबलाच्या मधल्या खुर्चीत मूर्तीसर बसले होते, भाताचा घास हातात.

"सर," मी म्हणाले, "जरा सरका. मध्यस्थाचं पान मांडायचंय."

मूर्तीसरांनी घास ताटात ठेवला. ते नुसते सरकले नाहीत, उठून उभे राहिले. मी त्यांच्या जागी पान मांडलं आणि पाणी शिंपडलं. माणोजीराव येऊन बसले. सेल्वानं आतून पातेली आणली आणि त्यानंच वाढलं, भात, आमटी, कोशिंबीर, सगळं, एक शीत बाहेर न सांडता. माणोजीरावांनी पहिला घास घेतला, तेव्हा बाकीच्यांनी ताटाला हात लावला. मॅडमनीसुद्धा.

जेवून झाल्यावर त्यांनी पान आपल्याकडं मिटलं. तृप्त झालं की इकडं तसंच मिटतात. पण विडा द्यायला घरात पानसुपारी नव्हती. मी सेल्वाकडं बघितलं, सेल्वानं मूर्तीसरांकडं. समोर उकडलेल्या अंड्यांचा ट्रे होता, माणशी एक. मूर्तीसरांनी कुणाला न विचारता एक अंडं उचललं आणि माणोजीरावांच्या उजव्या खिशात ठेवलं. "क्लबाकडून," ते म्हणाले. "आणि अण्णा, तो शब्द मी परत घेतो." मग सेल्वानं आपल्या ताटातलं अंडं उचललं, पंच्यानं पुसलं, आणि डाव्या खिशात ठेवलं.

"थांबा," माणोजीराव म्हणाले. "पावती."

त्यांनी पावतीपुस्तक काढलं आणि निळ्या शाईत दोन पावत्या लिहिल्या. "मिळाले: अंडे एक, उकडलेले." खाली सही. मॅडम तोंडावर हात धरून इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा उतरला. "ये तो फ़ाइल में नहीं लगेगा," त्या म्हणाल्या. म्हणून क्लबाची पावती मूर्तीसरांनी मला दिली. ती या वहीत आहे, साखरेच्या हिशेबाच्या पानाला चिकटवलेली.

सेल्वाची दोन वर्षं पुरी होऊन आणखी दोन मिळाली आहेत. या वेळी अंडी कागदावर आहेत, ती त्यानंच मागून घेतली. माणोजीराव त्यानंतर आले नाहीत. ज्या घराच्या कागदावर आपलं नाव चालत नाही त्या घरी वारंवार जाऊ नये, असं ते मला दाराशीच म्हणाले होते. चपला घालताना माझ्या खांद्याचा आधार घेतला होता, एवढंच.

त्या दिवशी मी फाटकापर्यंत गेले. ते बस स्टँडकडं निघाले होते. रस्त्यावर ऊन होतं, रिक्षा होत्या, एक गाय होती. नेहमीच्या सवयीनं त्यांनी दोन्ही खिसे थोपटायला हात उचलले आणि मध्येच थांबवले.

"सावकाश, राव," मी फाटकातून मोठ्यानं ओरडले. "फुटतील!"

त्यांनी मागं न बघता मान हलवली आणि दोन्ही तळवे खिशांखाली धरले. मग ते चालू लागले, गायीला वळसा घालून, रस्त्याच्या कडेकडेनं, अगदी सरळ.

कोट दोन्ही बाजूंनी सारखा लोंबत होता.